एक वेढा जास्त

बायजाक्का माणसाला भेटे ती आधी त्याच्या कापडाला. पदर, सदरा, उपरणे, जे काही समोरच्याच्या अंगावर असेल त्याचा काठ ती अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरी, डोळे अर्धवट मिटी आणि चिमटी हळूहळू सरकवत नेई. अंधारात माणूस भिंतीला धरून चालतो तशी. मग चिमटी सुटे, डोळे उघडत, आणि त्या माणसाकडे ती पहिल्यांदा नीट बघे. "कवा आलासा?" हा तिचा प्रश्न नेहमी त्यानंतरचा.

माझ्या परकराला तिची चिमटी लागली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगलीच्या एका कापड गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडरची जागा मिळाली होती आणि आम्ही वाई सोडून आलो होतो. टांग्यातून सामान उतरत होते. भांड्यांची पाटी, तांब्याचा बंब, आईची देवांची पेटी. पेटीवर हात ठेवून मी उभी होते. इतक्यात केसांत कापसाचे तंतू अडकलेली एक उंच, हाडापेराने मोठी बाई आली आणि काही न बोलता तिने माझ्या परकराची किनार उचलली. अंगठा किनारीवरून फिरला, मधल्या कापडावर आला, थांबला, पुन्हा फिरला. मला गुदगुल्या झाल्या, पण हसू आले नाही. तिचा चेहरा देवळात कौल लावणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"बारीक सूत हाय," ती म्हणाली आणि किनार तिने सोडून दिली. "पर न्हाई."

"काय नाही?" मी विचारले.

"न्हाई ते न्हाई." आणि भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती आमच्या नव्या घरात शिरलीसुद्धा.

काय नाही? तो प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर जेवू लागला, शाळेत येऊ लागला आणि अभ्यासाच्या वहीत डोके खुपसून बसू लागला.

गिरणीची मागची भिंत आणि कृष्णेचा काठ यांच्यामध्ये चाळींच्या तीन ओळी होत्या. पहिल्या ओळीला यंत्रांचा आवाज, तिसऱ्या ओळीला नदीचा, आणि मधल्या ओळीला दोन्ही मिसळून झालेला एक तिसराच आवाज. तो ऐकू येत नसे, पण जेवताना तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलये उठत त्यांतून तो दिसे. आमचे घर मधल्या ओळीच्या टोकाला होते. खळ शिजायची त्या बाजूने वारा आला की चिंचोक्याच्या पिठाचा आंबूस, उबदार वास घरभर पसरे. वारा फिरला की कापूस येई. तो तुळशीवर बसे, वाळत घातलेल्या पापडांवर बसे, म्हाताऱ्यांच्या भुवयांवर बसे. दिवस भोंग्याने मोजले जात. पहिला भोंगा उठण्याचा, दुसरा निघण्याचा, तिसरा झाला की गिरणीचे फाटक बंद. मुलांच्या जन्मवेळासुद्धा "दुसऱ्या भोंग्याला झाला" अशाच सांगितल्या जात.

माणसे खात्यावरून ओळखू येत. सूत विणणारी यंत्रे, ज्यांना तिथे साचे म्हणत, त्यांवर काम करणारे पुरुष घरीसुद्धा ओरडून बोलत. त्यांच्या कानांत साच्यांचा खडखडाट कायमचा वस्तीला आलेला असे. रीळ खात्यातल्या बायका मात्र हळू बोलत आणि बोलताना त्यांची बोटे हलत राहत. रीळ खात्यात सूत रिळांवर गुंडाळले जाई, आणि गुंडाळताना ते सारखे तुटे. तुटलेली दोन टोके उचलायची, अंगठ्यावर एकावर एक ठेवायची, एक वेढा द्यायचा, ओढायचे. डोळ्याची पापणी लवेपर्यंत गाठ बसलेली असे. बायजाक्का हे काम सोळा-सतरा वर्षे करत होती. तिच्या अंगठ्याच्या नखात सुताने कोरलेली एक खाच होती, आणि मला ती वाईच्या घाटावर दोराने झिजलेल्या दगडातल्या खाचेसारखी वाटे.

"तुटलं म्हनून सुताला नावं ठिवायची न्हाईत," ती सांगे. "जोडायचं आन फुडं जायचं. थांबलीस की शेजारचं तुटतंय."

मी तिच्यासमोर बसून गाठ मारायला शिकत असे. माझी गाठ तिच्या तळहातावर ठेवली की बायजाक्का ती चिमटीत फिरवी आणि गंभीरपणे म्हणे, "ही गाठ न्हवं. ह्ये बोर हाय. मिठाबरुबर खावं."

त्या काळात मला कविता करण्याचा नाद लागला होता. मी नदीवर, पिंपळावर, मिळेल त्यावर वृत्त जुळवी आणि तिला ऐकवी. तिला अक्षर ठाऊक नव्हते. पण डोळे मिटून ती ऐके आणि एखाद्या ओळीवर तिचा अंगठा हवेत थबके. "हितं तुटलंय," ती म्हणे. मी घरी येऊन मात्रा मोजी, आणि नेमकी तिथेच एक मात्रा कमी भरे. पुढे मला वृत्तशास्त्राचे शिक्षक भेटले, पदवीधर भेटले. पण तुटलेली ओळ बोटाने दाखवणारे कुणी भेटले नाही.

तिच्या त्या सवयीवर सगळी वस्ती हसे. शेजारची चंद्राक्का तर रोज काहीतरी बोलेच. "आमच्या बायजीला दुकान टाकायचं हाय बघ," ती म्हणे. "माल पारखून ठिवतीया." पुरुष दुरूनच ओरडत, "आक्का आली रं, धोतरं सांभाळा!" एकदा गणपतीच्या देवळात एका वकीलसाहेबांच्या धोतराचा सोगा तिने धरला. वकीलसाहेब प्रदक्षिणा घालत पुढे निघाले आणि सोगा मागे राहिला. ते वळले. बायजाक्काने शांतपणे काठ शेवटपर्यंत तपासला, सोगा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "लय चांगलं कापड हाय. सांभाळून नेसत जावा." वकीलसाहेबांना रागवावे की आभार मानावेत हे कळेना. त्यांनी आभार मानले.

सर्वांत मोठा कहर झाला तो आमच्याच घरी. आईचे सोवळ्याचे लुगडे उंच काठीवर वाळत होते. त्याला आम्हां मुलांचाही हात लागत नसे. बायजाक्का पाणी मागायला आली, वर पाहिले, टाचा उंचावल्या आणि लुगड्याचा काठ चिमटीत घेतला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली.

"अहो बाई! सोवळं आहे ते!"

"व्हय, वहिनी. पर न्हाई," बायजाक्का म्हणाली आणि पाणी न घेताच निघून गेली.

आईने लुगडे पुन्हा धुतले. पिळताना ती नेहमीपेक्षा जोराने पिळत होती. "काय नाही म्हणते ती?" आई पुटपुटली. म्हणजे प्रश्न आता आईलाही पडला होता.

माझ्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. आमच्या गिरणीत निघालेल्या कापडाला बायजाक्का कधी हात लावत नसे. कामगारांना तिथले डागी कापड मिळे आणि अर्ध्या वस्तीचे सदरे, उशा, लंगोट त्याचेच असत. आईने मला त्याचा एक झगा शिवला. तो घालून मी मुद्दाम तिच्यासमोर उभी राहिले. तिने लांबूनच पाहिले. "ह्यो आपलाच माल," ती म्हणाली आणि पाठ फिरवून धुणे आपटू लागली. साऱ्या जगाचे कापड तपासणारी बाई स्वतःच्या गिरणीचे कापड का टाळते?

उत्तर मिळाले ते तिला वाचता येत नसल्यामुळे. लढाई चालू होती, कापड दुर्मिळ झाले होते आणि रेशनच्या दुकानात निरनिराळ्या गावांच्या गिरण्यांचे ताके येऊ लागले होते. प्रत्येक ताक्याच्या टोकाला निळ्या शाईची छाप असे: एखादा मोर, एखादा हत्ती, आणि खाली गिरणीचे व गावाचे नाव. बायजाक्का मला शाळेतून सुटताना गाठी आणि त्या दुकानात नेई. "ह्ये कुठलं, वाच." मी वाची. ती कापडावरून अंगठा फिरवी, मान हलवी आणि आम्ही परत येत असू. चौथ्या की पाचव्या वेळी मी दुकानाच्या पायरीवरच बसून राहिले.

"आधी सांग, तू काय शोधतेस. तरच वाचीन."

ती शेजारी बसली. पदराचा एक दोरा तिने उपसला, तोडला, आणि दोन टोके अंगठ्यावर धरून गाठ मारली. मग दुसरा दोरा तोडून पुन्हा गाठ मारली, पण या वेळी एक वेढा जास्त दिला. दोन्ही गाठी तिने माझ्या तळहातावर ठेवल्या. "डोळं मीट. बोट फिरव." पहिली गाठ खसखशीच्या दाण्याएवढी होती. दुसरी किंचित मोठी, राजगिऱ्यासारखी, आणि तिला एक बारीकसे नाक होते.

"ही त्येंची," ती म्हणाली.

'ते' म्हणजे तिचा नवरा. त्याचे नाव ती कधीच घेत नसे. त्या काळी कुणीच बाई घेत नसे. तो याच गिरणीत साच्यावर होता. एकदा साच्यातला, आडवे सूत नेणारा धोटा उडाला आणि त्याच्या डाव्या अंगठ्याचे टोक गेले. साच्यावर तुटलेले सूत जोडताना आखूड अंगठ्यात दोरा ठरेना, म्हणून तो एक वेढा जास्त देऊ लागला. लढाईच्या आदल्या वर्षी संप झाला, त्यात त्याचे काम गेले. "जागा मिळाली की सांगावा धाडतो" असे म्हणून तो निघाला आणि सांगावा आलाच नाही. त्यालाही लिहिता येत नव्हते.

"पर साच्यावर तर बसलाच असंल की कुठंतरी," ती म्हणाली. "दुसरं काय येतंय त्येला? मानूस एका जागी ऱ्हातो, सुधे. कापड गावोगाव हिंडतं. आज ना उद्या येईल की हितवर."

आपल्या गिरणीच्या कापडाला ती हात का लावत नसे हेही मला मग उमगले. तिथे तो नव्हता, एवढे एकच तिला नक्की ठाऊक होते.

मी तिच्या शोधात पुरती सामील झाले. घरी आईला सारे सांगितले; तिथून ते वस्तीभर झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने ट्रंक उघडली, माहेरची, सासरची, रुखवतातली सगळी लुगडी आणि खण ओटीवर मांडले आणि मला म्हणाली, "जा, तिला बोलाव. म्हणावं, सगळं बघून घे." बायजाक्का ओसरीच्या कडेशी बसली. आई एकेक लुगडे तिच्या हातात देत होती आणि अंगठा पुढे सरकताना दोघीही श्वास धरून बसत होत्या. गाठ मिळाली नाही. आईने तिला चहा दिला, आपल्या नेहमीच्या पेल्यातून. त्या दिवशी ओटीवरचे काहीच पुन्हा धुतले गेले नाही.

शोधाला मुदत पडली ती तिच्या भावामुळे. नानादादा आष्ट्याचा. ऊस, गुऱ्हाळ, दोन बैलजोड्या असा नीटनेटका संसार. डोक्याला मोठे मुंडासे आणि बोलणे सरळ. बहिणीवर त्याचा फार जीव होता आणि म्हणूनच तिचे हे जगणे त्याला बघवत नव्हते. तासगावच्या बाजूचा एक बिजवर त्याने पाहून ठेवला होता. त्यांच्यात पाट लावण्याची रीत होती. पंचांनी मोकळीक दिली की झाले.

"सा वर्सं झाली, बायजे," तो ओसरीवर बसून म्हणाला. "जित्ता असता तर कुनासंगं तरी निरोप आला असता."

"कुनासंगं धाडनार? कापडासंगं धाडतोय की."

"कापड बोलतंय व्हय तुज्यासंगं?"

"तुजा ऊस बोलतोय का न्हाई तुज्यासंगं? चार डोळं आलं, पानी दे म्हनून?"

नानादादा हसला, पण डोळे पुसत हसला. "बरं. भाऊबिजंला येतो. तवर गावलं तर गावलं. न्हाईतर माजं ऐकायचं. बोल."

ती म्हणाली, "ऐकीन."

दसरा झाला. रेशनच्या दुकानात मांजरपाटाचे ताके आल्याची बातमी आली आणि आम्ही दोघी रांगेत उभ्या राहिलो. दुकानदार आता तिला ओळखत होता. ताका पुढे सरकवून तो म्हणाला, "घ्या, आक्का. तुमची पूजा उरकून घ्या." मागच्या बायका खिदळल्या. बायजाक्काने कापड चिमटीत घेतले. अंगठा एक हात सरकला, दोन हात सरकला आणि थांबला. मी तिच्याकडे पाहत होते. तिच्या मानेवरची एक शीर एकाएकी वर आली. अंगठा मागे गेला, पुन्हा पुढे आला. तिने माझे बोट धरून तिथे टेकवले. राजगिऱ्याचा दाणा. बारीकसे नाक.

"वाच," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की तो तिचा वाटला नाही.

मी छाप वाचली. गाव सोलापूर होते.

रांग हलेना म्हणून मागून आरडाओरडा सुरू झाला, पण रांगेत उभी असलेली चंद्राक्काच, जी रोज टिंगल करी, मागे वळून कडाडली, "गप बसा गं सटव्यांनो! तिचा दादला गावलाय!" आणि सगळी रांग गप्प झाली.

निरोप मिळताच नानादादा आला. दोघे मिरजेहून गाडीने सोलापूरला गेले. त्या चार दिवसांत वस्तीत दुसरा विषय नव्हता. अण्णांनीसुद्धा दवाखान्यातून येताना दोनदा विचारले, "आली का?" मी मनातल्या मनात त्याला घडवत होते: आखूड अंगठा, ओरडून बोलणारा आवाज, केसांत कापूस.

पाचव्या दिवशी सकाळी ती नदीच्या पायऱ्यांवर धुणे धूत असलेली मला दिसली. एकटीच. मी धावत गेले. 

"बस," ती म्हणाली. आणि धुणे चालू ठेवून तिने सारे सांगितले.

गिरणीच्या फाटकाशी दोघे उभे राहिले. पाळी सुटायची होती. पहारेकऱ्याने नाव विचारले. नानादादा पाणी शोधायला गेलेला. "मग मीच घेतलं नाव. ज्ञानू म्हनलं. लगीन झाल्यापासनं पैल्यांदा त्ये नाव माज्या तोंडात आलं. जीभ भाजल्यावानी झाली बघ." त्या नावाचा, त्या अंगठ्याचा कुणी साच्यावर नव्हता. तेवढ्यात रीळ खात्यातल्या बायका बाहेर पडल्या आणि त्यांतली एक तिच्या गळ्यातच पडली.

"चिमी. तू आलीस त्येच्या आदी लगीन हून गेलेली. माज्या शेजारच्या रिळावर हुती."

बायजाक्काने तिला गाठीची गोष्ट सांगितली. चिमीने लगेच पदराचा दोरा तोडला आणि गाठ मारून दाखवली. एक वेढा जास्त.

"मी म्हनलं, ह्यो वेढा तुला कुनी शिकिवला? तर म्हनती, आवं आक्का, तुमीच की!"

बायजाक्काचा हात धुण्यावर थांबला. लग्नानंतर नव्यानव्याने त्याने तिला ती गाठ घरी गंमत म्हणून शिकवली होती. तिचा अंगठा धड होता, तिला त्या जास्तीच्या वेढ्याची गरज नव्हती. पण त्याची गाठ म्हणून तीही तशीच मारू लागली आणि शेजारच्या पोरींनाही तिने शिकवली. मग नायकीण, म्हणजे रीळ खात्यावर देखरेख करणारी बाई, वेळ जातो म्हणून रागावली. बायजाक्काने कामावर ती गाठ मारणे सोडले आणि पोरींना शिकवल्याचे विसरूनही गेली. पोरींची बोटे विसरली नव्हती.

"तुजा त्यो झगा आन," ती एकदम म्हणाली. "आपल्या मालाचा."

मी झगा आणला. तिने ओल्या हातानेच तो धरला. घेरापर्यंत अंगठा पोचला नाही तोच एक गाठ लागली. मग दुसरी.

"सा वर्सं गावाची कापडं चाचपली," ती म्हणाली. "वकिलाचं धोतर सोडलं न्हाई. आन ह्ये माज्याच दारात दोरीवर वाळत हुतं." आणि ती हसू लागली. मोठ्याने, डोके मागे टाकून, पाण्यावर आवाज आपटेल इतके हसली. हसणे संपले तेव्हा झग्याचा घेर तिने डोळ्यांवर दाबून धरला आणि खूप वेळ काढला नाही. मी काही न सुचून तिचे उरलेले धुणे पिळत बसले.

मला वाटले, संपले. आता भाऊबीज आणि तासगाव.

पण पुढच्या आठवड्यात रीळ खात्यातून वेगळीच बातमी आली. बायजाक्का जेवणाच्या सुट्टीत पोरींना गोळा करून गाठ शिकवत होती. जास्तीच्या वेढ्याची. नायकीण पुन्हा कडाडली. बायजाक्काने तिच्यापुढे एक दोरा धरला. "ओढा, बाई. गाठ सुटली तर उद्यापासनं येत न्हाई मी." नायकिणीने ओढला. दोरा तुटला, पण दुसरीकडेच. नायकीण तो तुटका दोरा हातात घेऊनच दुसऱ्या रांगेकडे निघून गेली.

भाऊबिजेला नानादादा गुळाची ढेप घेऊन आला. ओवाळून झाले. तबकातला दिवा अजून जळत होता. आमच्या ओटीला लागूनच तिचे दार. आई आणि मी ऐकत होतो हे दोघांनाही माहीत होते.

"दादा, मी हुडकायचं सोडलं," ती म्हणाली.

नानादादाचा चेहरा उजळला. "म्हंजी तासगावला सांगावा धाडू?"

"नगं. आजवर मी त्येंचं पत्र हुडकत हुते. आता मीच लिवाया लागलीया."

"तुला कवापासनं लिवता येतंय?"

तिने दोरा तोडला, गाठ मारली आणि ती भावाच्या तळहातावर ठेवली. "आपलं कापड बी गावोगाव जातंय. त्येंच्या हातात कवातरी येईल. आखूड अंगठा त्येच्यावरनं फिरंल. तवा कळंल त्यास्नी, बायजी हाय अजून सांगलीत. यायचं का न्हाई, त्ये मग त्येंचं त्येनी बघावं."

"आन तू दिल्याला शबूद?"

"ऐकीन म्हनलं हुतं. ऐकलं की सगळं. आता तू माजं ऐक."

नानादादाने गाठ दिव्याच्या उजेडात धरली. शेतात राबलेल्या त्याच्या जाड हाताला ती बहुधा जाणवतही नसावी. त्याने मुंडाशाच्या टोकात ती नीट बांधून ठेवली. "ढेप उनात ठिवू नगं," तो म्हणाला, "वितळंल." त्यानंतर तो दर भाऊबिजेला येत राहिला. तासगावचे नाव पुन्हा कधी निघाले नाही.

आणि बायजाक्काने लोकांचे कापड धरणे सोडले. वस्तीला ते काही दिवस चुकल्याचुकल्यासारखे झाले. पुरुष मुद्दाम समोरून जात आणि म्हणत, "आक्का, नवा सदरा हाय, बगा तरी." ती म्हणे, "तुजा तूच बघ, मुडद्या. मला कामं हायती."

मी सोळा वर्षांची असताना अण्णांनी साताऱ्याला औषधांचे दुकान काढले आणि आम्ही सांगली सोडली. टांगा उभा होता. मी पहिल्यांदाच पाचवारी नेसले होते. बायजाक्का तिच्या दारातून आली. मी सवयीने पदर पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. दोन्ही हातांनी माझे तोंड धरले आणि खूप वेळ बघितले. तिच्या अंगठ्याची खाच माझ्या गालाला लागत होती. "कविता कर," ती म्हणाली. "तुटलं तर जोड."

बऱ्याच वर्षांनी चंद्राक्काने कुणाकडून तरी लिहवून घेतलेले कार्ड आले. बायजाक्का गेली, एवढेच त्यात होते. तो कधी आला का, हे नव्हते. मी उलट टपाली विचारले. उत्तर आले नाही. कार्ड लिहिणारा कोण होता, त्याला ही गोष्ट माहीत तरी होती का, याचा मी अजून विचार करते.

साताऱ्याच्या पेठेत एकदा उशांच्या अभ्र्यांसाठी पांढरे कापड घ्यायला गेले होते. दुकानदाराने ताका उलगडला. माझा अंगठा आपोआप काठाकडे गेला, तसाच पुढे सरकला आणि राजगिऱ्याच्या दाण्यावर थांबला. मी ताक्याचे टोक शोधून छाप वाचली. गाव सांगली नव्हते, सोलापूरही नव्हते. मी कधी न पाहिलेल्या एका दूरच्या गावाचे नाव तिथे होते. कुठल्या पोरीच्या बोटांतून ती गाठ तिथवर गेली असेल? की कुण्या पोरीच्या नव्हेच?

दुकानदाराने माझ्या बोटाखाली वाकून पाहिले. "थांबा बाई, गाठ आलीय हितं. दुसरा ताका काढतो."

"नको," मी म्हणाले. "हाच फाडा. आणि कात्री लावताना ती गाठ माझ्याकडे येईल एवढं बघा."